सिंह, नांगर आणि जी

माझं माहेर हुपरीचं. कोल्हापूरजवळच्या या गावात पैंजण आणि करदोटे घडवणारी घरं गल्लोगल्ली आहेत, त्यातलंच आमचं एक. चांदी हातात आली की आधी टंच, म्हणजे चांदीचा कस, विचारायचा आणि नक्षी मागून बघायची, ही तिथली रीत. लग्नानंतर अमेरिकेत ऱ्होड आयलंडला आले आणि शनिवारी सकाळी इस्टेट सेलला जायचा नाद लागला. घरातलं म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात राहायला गेलं की मुलं ते घर आहे तसं विक्रीला उघडतात. परक्याच्या घरात शिरून त्याचे खण उघडायला सुरुवातीला मन धजायचं नाही. मग जेवणघराच्या कपाटांत काळेभोर पडलेले काटे-चमचे दिसू लागले आणि संकोच गेला.

असाच एक चमचा माहेरी आबांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. पाठीवर तीन बारीक ठसे होते: सिंह, जहाजाचा नांगर आणि जुन्या वळणाचं ‘जी’ हे अक्षर.

“झकास हाय की. पण ह्यात सरकारचा शिक्का कंचा?”

“एकही नाही, आबा. तिन्ही कारखानदाराचेच.”

“म्हंजे त्यानंच घडवायचं आन् त्यानंच टंच सांगायचा? आन् लोकं घेत्यात?”

घेतात. अमेरिकन चांदीतली सगळी मेख आबांच्या या प्रश्नात आहे. इंग्लंडमध्ये वस्तू आधी तपासणी कार्यालयात जाते, तिथे कस लागतो आणि मगच तिच्यावर शिक्के उमटतात; जुन्या वस्तूवर ते सिंह, शहराची खूण आणि सालाचं अक्षर असे. कोष्टक हाताशी असलं की कुणीही तिचं गाव आणि साल सांगू शकतो. अमेरिकेत देशभर असं खातं कधी उभंच राहिलं नाही. ठळक अपवाद बाल्टिमोरचा. मेरिलँडच्या कायद्याने १८१४ साली तिथे सरकारी तपासनीस नेमला. बारा औंसांत अकरा औंस चांदी भरल्याशिवाय तो शिक्का देत नसे. १८३० मध्ये ही पद्धत गुंडाळली गेली आणि कारागीर आपला आकडा आपणच ठोकू लागले. सॅम्युएल कर्क यांच्या पेढीच्या जुन्या भांड्यांवर ‘११ औंस’ किंवा ‘१०.१५’ असं दिसतं. दुसऱ्याचा अर्थ, बारा औंसांत दहा औंस पंधरा पेनीवेट शुद्ध चांदी. म्हणजे हजारी ८९६, हजार भागांत ८९६ भाग चांदी. आबांनी हा हिशेब तोंडी केला, मला फोनवरचा कॅल्क्युलेटर लागला.

बाकी ठिकाणी एकच खात्री होती, ती माणसाच्या नावाची. वसाहतींच्या काळात बँका नव्हत्या. साठलेली स्पॅनिश नाणी सोनाराकडे न्यायची, आटवून त्यांचा पेला किंवा किटली करून घ्यायची आणि वर अक्षरं कोरायची. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात त्याच कारणाने: चोरीला गेलं तर ओळख पटावी. तीन अक्षरांचा त्रिकोण असला तर बहुधा वर आडनाव आणि खाली नवरा-बायकोची आद्याक्षरं. त्या काळात मालमत्ता नवऱ्याची, पण चमच्यावर तरी बायको बरोबरीला! ही अक्षरं मालकांची. घडवणाऱ्याचा ठसा वेगळा, लहानशा चौकटीत, आणि तोही नुसता नावाचा.

पुढे टांकसाळीचं प्रमाण हेच चांदीचं प्रमाण झालं. १७९२ च्या कायद्याने डॉलरमध्ये हजारी ८९२ च्या आसपास चांदी असे, १८३७ पासून ती ९०० झाली. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या चमच्यांवर ‘कॉइन’, ‘प्युअर कॉइन’, क्वचित ‘डॉलर’ असे ठसे मिळतात. काहींवर त्यातलं काहीच नसतं. नाव असलं तरी ते घडवणाऱ्याचंच असेल असं नाही. गावातला घड्याळवाला मोठ्या शहरातून चमचे मागवायचा आणि त्यांवर आपलं नाव ठोकून विकायचा. मला मिळालेल्या एका पातळ, हलक्या चमच्यावर दोन नावं होती. त्यातलं कुठलं दुकानदाराचं आणि कुठलं कारागिराचं, हे मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावाच्या हिस्टॉरिकल सोसायटीने जुन्या जाहिराती काढून सांगितलं. एवढ्या कामाला त्यांनी एक डॉलरही घेतला नाही.

आता तो सिंह आणि नांगर. ते माझ्याच शेजारच्या शहराचे निघाले. प्रॉव्हिडन्समध्ये १८३१ साली जेबेझ गोरहॅम यांनी चमचे घडवण्यापासून सुरुवात केली आणि पुढे ती कंपनी अमेरिकेतल्या चांदीच्या सर्वांत मोठ्या कारखानदारांत गणली गेली. नांगर ऱ्होड आयलंडच्या राज्यचिन्हातला. पण इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाची खूणही नांगरच, आणि सिंह तर इंग्लिश स्टर्लिंगचाच. गिऱ्हाइकाला माल विलायती भासला तर भासू दे, असा हिशेब त्यात असणार, असं माझं मत आहे. मात्र कंपनी पक्की होती. १८६८ मध्ये तिने हजारी ९२५ चं स्टर्लिंग प्रमाण स्वीकारलं आणि त्याच वर्षापासून मालावर सालाचं अक्षरही घातलं. ‘ए’ म्हणजे १८६८, ‘क्यू’ म्हणजे १८८४. पुढच्या वर्षापासून अक्षरांऐवजी चित्रं आली, पहिलं रानडुकराचं मुंडकं. ही प्रथा १९३३ पर्यंत चालली. सरकारने मागितलं नसताना एका कारखान्याने स्वतःवर लादून घेतलेली ही शिस्त आहे. आबांना हे फार आवडलं. “बाजारात नाव ऱ्हायाचं तर आसंच करावं लागतंय,” म्हणाले.

टिफनी कंपनीच्या मालावर सालाऐवजी प्रमुखाचं आद्याक्षर सापडतं. एडवर्ड मूर १८९१ पर्यंत होते, त्यांच्या काळातल्या वस्तूंवर ‘एम’. कायदा आला तो १९०६ साली: ‘स्टर्लिंग’ लिहिलंत तर ९२५ भरलं पाहिजे, ‘कॉइन’ लिहिलंत तर ९००. शुद्धतेच्या ठशाशेजारी कारखानदाराची ओळखही हवी, ही अट १९६१ ची.

खरी फसगत मुलाम्याच्या मालात होते. ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ असा ठसा दिसला की लोकांचे डोळे चमकतात, एवढा जुना! १८४७ हे रॉजर्स बंधूंनी मुलाम्याचं काम सुरू केल्याचं साल. तो ठसा विसाव्या शतकातही उमटत होता. ‘क्वाड्रुपल प्लेट’ म्हणजे वरचा थर जाड, आत चांदी नाहीच. ‘ए वन’ हाही मुलाम्याचाच दर्जा. जर्मन सिल्व्हरमध्ये तर तांबं, निकेल आणि जस्त. भिंगाआधी मी चमच्याची पाठ बघते, टेबलाला घासते ती जागा. तिथे पिवळट झाक आली असेल तर ठसा वाचायचे कष्टही वाचतात.

बॉस्टनच्या फाइन आर्ट्स म्युझियममध्ये पॉल रिव्हिअर यांनी १७६८ साली घडवलेला ‘सन्स ऑफ लिबर्टी’ वाडगा बघितला. इंग्रज सरकारला न जुमानता मत देणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या ९२ प्रतिनिधींच्या सन्मानार्थ तो केला. कोरीव मजकूर मी घाईत वाचला आणि वाकून कडेची जाडी बघत राहिले. तेवढ्यात पहारेकरी काचेपासून लांब व्हा म्हणाला. रिव्हिअर यांच्या ठशाच्या नकला मात्र बाजारात बक्कळ आहेत. त्यामुळे कुणी ते नाव दाखवलं की मी आधी घडण बघते आणि ठसा शेवटी.

एका वयस्क विक्रेत्याने मला १९८० चा जानेवारी सांगितला. हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेली होती. लोक आजीचे चहाचे संच पिशव्यांतून आणून काट्यावर ओतत होते आणि माल ठसे न बघता भट्टीत जात होता. मी मोडीवर चालणाऱ्या घरातली, आटवण्याचं मला वाईट वाटत नाही. एकसारखे लाखोंनी काढलेले कारखानी काटे गेले तर जाऊ देत. आत राळ किंवा सिमेंट भरलेल्या मेणबत्तीच्या स्टँडांवर तर चांदी पत्र्याएवढीच असते. पण छोट्या गावच्या कारागिराचा कॉइन चमचा वजनाला जेमतेम भरतो, म्हणून त्याला मोडीत घालताना कुणी दोनदा विचार करत नाही. त्या माणसाचं नाव मात्र कधीकधी तेवढ्या एका चमच्यावरच उरलेलं असतं.

म्हणून अमेरिकेत राहणाऱ्यांना एक विनंती. शेजारच्या आजींनी काळवंडलेले चमचे हातात ठेवले, तर लगेच पॉलिशवाल्याकडे नेऊ नका, बफिंगच्या चाकाखाली ठसा झिजतो. मऊ फडक्याने पुसा, भिंगातून पाठ बघा, ठशाचा जवळून फोटो काढा आणि त्या गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीला पाठवा. काट्यावर ठेवायचं ते त्यानंतर.