बाबांच्या पत्राचं विमान

एप्रिल 2025 मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. तेव्हापासून आमच्या मलकापुरात चहाच्या टपरीवर एक वाद ठरलेला. "विमानात बसणारे असे किती? आपल्याला काय त्याचं?"

अशा वेळी मला बाबा आठवतात. ते जन्मात कधी विमानात बसले नाहीत. पण 1955 साली त्यांना मद्रासच्या एका कंपनीचं मुलाखतीचं पत्र आलं, मुलाखतीच्या आदल्या दिवशी. त्यावर आमचं घर उभं राहिलं. "पत्र मेलनं आलं," असं ते सांगायचे. खरं तर मेलनं ते फक्त नागपूरहून आलं असणार. मद्रास ते नागपूर ते आलं असणार विमानानं.

30 जानेवारी 1949 ला रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारही बाजूंनी विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला भेटायची, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून साध्या पत्रालाही हवाई टपालाचा जादा आकार लागेनासा झाला.

ही विमानं म्हणजे डाकोटा. मूळ नाव डग्लस डीसी-3. दोन इंजिनं, एकवीस-एक प्रवासी. पहिलं उड्डाण 17 डिसेंबर 1935 चं. महायुद्धात लष्करासाठी हजारोंनी बनली. युद्ध संपल्यावर स्वस्तात विकायला निघाली आणि आपल्याकडच्या नव्या विमान कंपन्यांनी घेतली. गंमत बघा. टपालाच्या पैशांवर न विसंबता नुसत्या तिकिटांवर नफा देणारं पहिलं विमान म्हणून अमेरिकेत त्याचं नाव झालं. आणि आपल्याकडे त्याच विमानानं, कधी तिकीट न काढलेल्या माणसांची पत्रं वाहिली.

आज आमच्या एका बाजूला जळगाव, दुसऱ्या बाजूला अमरावती. दोन्हीकडे दोन इंजिनांचीच छोटी विमानं उतरतात. टीका जरूर करा, पण नुसत्या खुर्च्या मोजू नका. तातडीची औषधं, तपासणीचे नमुने, आपल्या व्यापाऱ्याचा माल यांना त्या विमानाच्या पोटात जागा आहे का, आणि तिथून मलकापूरपर्यंत ते वेळेत येतं का, हे लोकप्रतिनिधींना विचारा.

विमानतळावर न गेलेल्या माणसाच्या दारात विमानानं काय पोचवलं, हिशेब त्याचा व्हायला हवा. बाबांच्या दारात नोकरी पोचली होती.

बघा, पटतंय का.