शंभर डॉलरचा न्यायमूर्ती

गोव्यात फुटबॉल म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. भाताची कापणी झाली की त्याच शेतात दोन दोन काठ्या रोवून पोरांचा खेळ सुरू होतो. त्यामुळे अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ टीव्हीवर पाहिला की आम्हा गोंयकारांना हसूच येतं. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट, त्याला पाय लागतो तो अधूनमधून, बाकी सगळा कारभार हातांनी आणि खांद्यांनी. मीही हसायचो.

माझी मावसबहीण मिनियापोलिसला असते. तिचा मुलगा सातवीत आहे. परवा फोनवर म्हणाला, "मामा, आमच्या शाळेला ज्यांचं नाव आहे ना, ते आधी फुटबॉल खेळायचे आणि मग जज्ज झाले." २०१७ साली त्या शाळेचं जुनं नाव बदलायचं ठरलं, तेव्हा मुलांनीच मतदान करून हे नाव निवडलं म्हणे. जस्टिस पेज. मला वाटलं पोरगं काहीतरी घोटाळा करतंय. म्हणून शोधायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले.

ॲलन पेज. जन्म १९४५, ओहायोतलं कँटन हे पोलादाच्या कारखान्यांचं गाव. कृष्णवर्णीय कुटुंब. याच गावात त्या खेळाचं 'हॉल ऑफ फेम' आहे. त्याची इमारत बांधली जात होती तेव्हा शाळकरी पेज तिथे बांधकामावर मजुरी करत होता. पुढे १९८८ साली त्याच इमारतीत खेळाडू म्हणून त्याचं नाव लागलं. कादंबरीत लिहिलं तर आपण म्हणू, लेखकाने जरा जास्तच जुळवून आणलंय!

१९६७ पासून तो मिनेसोटा व्हायकिंग्ज संघात. जागा बचावफळीत, अगदी मधे. बचाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोलाजवळ उभा राहून चेंडू अडवणारा माणूस येतो. इथे तसं नाही. चेंडू समोरच्या संघाकडे असतो, तो फेकणारा माणूस मागे उभा, आणि त्याच्यापुढे धिप्पाड गड्यांची भिंत. ती भिंत फोडून, चेंडू हातातून सुटायच्या आत त्या माणसाला खाली पाडायचं, हे पेजचं काम. तो नुसता ताकदीचा नव्हता, चपळ होता. भिंतीला धक्का देण्याऐवजी फटीतून निसटायचा. संघाचा रंग जांभळा, म्हणून या फळीला लोक 'जांभळे माणूसखाऊ' म्हणत. १९७१ साली संपूर्ण लीगमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. बचावातल्या खेळाडूला हा मान तोवर कधीच मिळाला नव्हता. त्यानंतरही एकालाच मिळाला, १९८६ साली लॉरेन्स टेलरला.

तरी अपयशही काही कमी नाही. अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये, त्याचा संघ चार वेळा पोचला आणि चारही वेळा हरला. आणखी एक गंमत आम्हा रजिस्टर लिहिणाऱ्यांना जास्त कळेल. चेंडू फेकणाऱ्याला किती वेळा पाडलं याची अधिकृत मोजणी लीगने सुरू केली १९८२ मध्ये. पेज निवृत्त झाला १९८१ मध्ये. म्हणजे आयुष्यभर जे काम केलं, त्याची सरकारी नोंदच नाही!

पण मला रात्री जागवलं ते वेगळ्याच गोष्टीने. वकील व्हायचं पेजच्या मनात लहानपणापासून होतं. पहिला सीझन संपल्यावर त्याने लॉ कॉलेजात नाव घातलं आणि तीन आठवड्यांत सोडून दिलं. काय चाललंय तेच कळेना, असं पुढे तो सांगत असे. मग सातेक वर्षं गेली. तोवर नाव झालं, पैसा आला, आता कशाला हवं होतं? तरी १९७५ मध्ये तो परत जाऊन वर्गात बसला. खेळ चालू ठेवून १९७८ मध्ये पदवी घेतली.

त्याच काळात बायकोला सिगरेट सोडायची होती म्हणून ती धावायला लागली आणि तिच्याबरोबर हाही. धावून धावून वजन उतरलं. संघाला तो आता हलका वाटू लागला. १९७८ मध्येच व्हायकिंग्जने त्याला काढून टाकलं आणि शिकागो बेअर्सने नियमाप्रमाणे शंभर डॉलर भरून घेतलं. लीगमधल्या एके काळच्या सर्वोत्तम खेळाडूची किंमत शंभर डॉलर. त्यानंतरही तो चार सीझन खेळला. पूर्ण कारकिर्दीत २१८ सामने, एकही न चुकवता. मधे १९७९ मध्ये एक मॅरेथॉनही पुरी केली.

हॉल ऑफ फेमच्या समारंभात आपली ओळख करून द्यायला त्याने कोणा कोचला बोलावलं नाही. मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावलं, आणि स्वतः बोलला तो शिक्षणावर. संघाच्या बैठकीत डावपेचांची वही मोठ्याने वाचायची वेळ आली तेव्हा कॉलेज करून आलेल्या काही सोबत्यांना ती वाचता येत नव्हती, हे त्याने पाहिलं होतं. त्याच वर्षी त्याने शिष्यवृत्तीची संस्था काढली. अट एकच: पैसे घेणाऱ्याने लहान मुलांना शिकवायचं.

न्यायाधीशाची खुर्चीही कोणी आयती दिली नाही. १९८५ पासून तो राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात सरकारी वकील होता. १९९२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक लढवायची ठरवली, तर गव्हर्नरने त्या जागेवरच्या न्यायाधीशांची मुदत वाढवून टाकली. म्हणजे निवडणूकच नाही. पेज कोर्टात गेला, निवृत्त न्यायाधीशांपुढे खटला चालला आणि तो जिंकला. निवडणूकही जिंकली. त्या न्यायालयातला तो पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. २०१५ मध्ये सत्तरीच्या नियमाने निवृत्त झाला. खेळात मोडून मोडून त्याच्या हाताची करंगळी काटकोनात बाहेर वळली आहे. बावीस वर्षं त्याने निकालपत्रांवर सह्या केल्या.

आता माझं. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, नोकरीला लागलो. अठ्ठाविसाव्या वर्षी एलएल.बी.ला नाव घातलं. सकाळचे वर्ग, मग फोंड्याहून पणजीची बस, मग फायली. सहा महिने केलं आणि सोडलं. "नोकरी सांभाळून जमत नाही हो," हे वाक्य मी गेली अठरा वर्षं इतक्या लोकांना सांगितलंय की मला ते खरंच वाटू लागलं होतं. पेजची आणि माझी बरोबरी नाही, हे मला कळतं. त्याचा सीझन काही महिन्यांचा, माझा बारमाही. त्याच्याकडे पैसा होता, माझ्याकडे कर्जाचा हप्ता. पण सोडलेल्या वर्गात परत जाऊन बसायला पैसा लागत नाही. तिथे लागते ती लाज गिळायची तयारी, आणि ती माझ्याकडे नव्हती.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं, माझ्या कॉलेजाचंही सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "मग मामा, तू परत का नाही गेलास?"

रविवारी माळ्यावरून पुस्तकं काढली. दोन वाळवीने खाल्ली होती, कायदेही पुष्कळ बदललेत. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत 'ना हरकत' दाखल्यासाठी अर्ज लिहिला. दुसऱ्यांचे असे शेकडो अर्ज मी पुढे सरकवलेत. हा मात्र आज गुरुवार झाला तरी माझ्याच खणात आहे.

उद्या शुक्रवार. साहेब सकाळी जागेवर असतात.