लाकूड सुकेपर्यंत

जुन्या घराची मागची भिंत पावसात बसली आणि आम्ही काजूच्या बागेतल्या मांगरात राहायला गेलो. थंडीत अण्णांनी परसातले दोन फणस आणि वरच्या भरडातले ऐन पाडले. आजीला वाटलं, होळीपर्यंत घर उभं राहील.

अण्णांनी आठवड्याच्या आत ओंडके सोलून घेतले. सालीखाली ओल धरते, किडा तिथेच घर करतो आणि मग वर्षभरात लाकडातून पीठ गळू लागतं. सोललेले ओंडके व्हाळाच्या कोंडीत दगड ठेवून बुडवले. लाकडातला गोडवा पाण्यात उतरला की किड्याला खायला फारसं उरत नाही. महिनाभर व्हाळाला असा वास मारत होता, की बायका धुणं घेऊन वरच्या अंगाला जाऊ लागल्या. जाताना अण्णांना दोन शब्द ऐकवायच्या, ते वेगळंच.

नंतरचं काम नुसतं वाट बघण्याचं. लाकूड कापून मांगराच्या पडवीत चिऱ्यांवर रचलं. प्रत्येक थरात आडव्या पट्ट्या, म्हणजे वारा आरपार जातो. वर झावळांचं छप्पर, बाजू मोकळ्या. ऊन नको. उन्हात लाकूड वरून सुकतं, आत ओलं राहतं आणि फाटतं. टोकांतून पाणी सगळ्यात लवकर जातं, चिरा तिथूनच सुरू होतात. म्हणून टोकांना शेणाचा जाड लेप. जाडीच्या इंचाला एक वर्ष, असा मेस्त्रींचा हिशेब. त्यात आमच्याकडे पावसाचे चार महिने लाकूड सुकायचं नावच घेत नाही. घाटावरच्या पाहुण्यांना हे कधी पटलं नाही.

आजी रोज त्या ढिगाशी जाऊन बसायची.

"माका माझ्या घरात मराचा आसा," ती म्हणायची.

"लाकूड सुकाक व्हया गे आये," अण्णांचं ठरलेलं उत्तर.

त्यांचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी राग यायचा. तो अजून पुरता गेलेला नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, आजी मांगरातच गेली. चार दिवस झड लागली होती. गावात कुणाकडे सरणापुरतं सुकं लाकूड निघेना. अण्णांनी काही न बोलता ढिगावरचं छप्पर बाजूला केलं. मेस्त्रींनी सवयीने एकेका वाशावर बोटाची पेरं वाजवून पाहिली. खणखणीत वाजले.

पुढच्या माघात घर झालं. फणसाचे खांब तेव्हा पिवळेधम्मक होते, आता तांबूस काळे पडलेत. एकालाही कीड नाही. सरणाला गेलेले सहा वासे अण्णांनी विकत आणले. ते जरा ओलेच होते. त्यांनी पीळ घेतलाय. स्वयंपाकघरावरची तेवढी कौलं दर मिरगाआधी पुन्हा बसवून घ्यावी लागतात.