टम्म पोटाच्या मेंढ्या

ज्वारी काढलेल्या रानात धनगरांच्या मेंढ्या दिवसभर चरतात, मग माझ्या मेंढ्यांना गव्हाच्या भुसकटानं काय धाड भरणार आहे? बंदिस्त मेंढीपालन सुरू केलं तेव्हा माझा हिशेब एवढाच होता. त्या रानात धनगराची मेंढी नुसतं काड खात नाही. धाटाला राहिलेला पाला, सांडलेली कणसं, बांधावरचं तण, बाभळीच्या शेंगा असं वेचत ती पुढं सरकते. हे मी कधी थांबून पाहिलंच नव्हतं.

भुसकट स्वस्त होतं, ट्रॉली भरून आणलं. मेंढ्यांची पोटं टम्म दिसायची आणि मी खूश. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी पोटाकडं पाहिलंही नाही. लोकर दाबून कण्यावरून बोटं फिरवली आणि माझा हात तिथं ठेवला. मणके टोचत होते. गव्हाच्या काडात प्रथिनं जेमतेम ३ ते ४ टक्के. कोठीपोटातल्या जिवाणूंना नीट काम करायला एकूण चाऱ्यात ७-८ टक्के तरी लागतात. ती नसली की काड पचत नाही, जागा अडवून बसतं आणि मेंढीला आणखी खाताच येत नाही. त्यात बऱ्याचजणी गाभण. गर्भ सगळ्यात जास्त वाढतो तो शेवटच्या दीड महिन्यात, आणि तेव्हाच मी त्यांना भुसकटावर ठेवलं होतं. कोकरं हडकुळी निघाली, आयांना दूध नाही. काही दगावली.

लाज वाटते ती चघळाची, म्हणजे खाऊन उरलेल्या वैरणीची. मेंढी ओठांनी पाला निवडते, जाड धाटं सोडते. मला तो माज वाटायचा! गव्हाण रिकामी झाल्याशिवाय मी नवी वैरण टाकत नसे.

पुढं भुसकटाचा कस वाढवायला युरियाची प्रक्रिया केली. १०० किलो भुसकटाला ४ किलो युरिया, ५०-६० लिटर पाण्यात विरघळवून थरांवर शिंपडायचा आणि ताडपत्रीखाली २१ दिवस हवाबंद ठेवायचं. मी ताडपत्रीच्या कडा नीट दाबल्या नाहीत. युरियापासून तयार झालेला अमोनिया उडून गेला, वरच्या थराला बुरशी आली.

आता भुसकट असतं, पण थोडं. सोबत भुईमुगाचा पाला, थोडी सुबाभूळ आणि गाभण मेंढ्यांना पेंड. परवा एकानं भाताचा पेंढा फुकटात देऊ केला. त्यातही प्रथिनं गव्हाच्या काडाएवढीच, वर सिलिका भरपूर. घेतला, कोकरांखाली अंथरायला.