परक्या दरबारात आपले म्हणणे

परराष्ट्रनीती दिल्लीच्या मंत्र्यांनी व वकिलातींनी पाहावी, आपल्या माजघराशी तिचा संबंध काय, असे आमच्या सांगलीतील सुशिक्षित घरांतही पुष्कळदा ऐकू येते. आम्हांस ते पटत नाही. उदयास येणाऱ्या मोठ्या राष्ट्राने परक्या दरबारात आपले म्हणणे कसे मांडावे, याचे दोन धडे आपल्याच मुलखात आहेत.

पहिला साताऱ्याचा. १८१९ च्या तहाने कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांस राज्य दिले. परंतु परवानगीवाचून परराज्याशी पत्रव्यवहार करण्यास मनाई केली. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचाही आरोप ठेवून १८३९ साली त्यांस पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि तेथे दशकाहून अधिक काळ झगडले. निष्ठा होती, कागदपत्रे होती. पण जिच्याविरुद्ध फिर्याद, त्या कंपनीच्याच दारी दाद मागावयाची, आणि पाठीशी स्वतंत्र राष्ट्र नाही! १८४८ साली, औरस वारस नाही या सबबीवर, साताऱ्याचे राज्य खालसा झाले.

दुसरा धडा हळदीचा. मुलाचा गुडघा फुटला की आमच्या घरातील वडील स्त्रिया अजूनही आधी हळदीचा डबा काढतात. जखम भरून आणण्याचा हाच गुण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असताना, १९९५ साली अमेरिकेत नवा शोध ठरून तेथील एका विद्यापीठास त्याचे पेटंट मिळाले. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते, तिने १९९६ साली हरकत घेतली. तिने त्रागा केला नाही; अमेरिकेच्याच कायद्यास धरून जुन्या ग्रंथांचे व लेखांचे ३२ आधार पुढे ठेवले. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

यातील मर्म ध्यानी घ्यावे. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात परदेशात केवळ वापरात असलेली गोष्ट पुरावा ठरत नसे. छापील आधार लागे. आजीबाईंच्या डब्याची साक्ष तेथे चालली नाही, ग्रंथाची चालली. सातारकरांपाशी कागद होता, राष्ट्र नव्हते. हळदीच्या वादात दोन्ही होते.

म्हणून वाचकभगिनींस व बंधूंस आमची विनंती आहे. घरातील वडीलधाऱ्यांची औषधे, बियाणे, रीती गावाच्या नावासह टिपून घ्याव्या व छापून आणाव्या. राष्ट्राची वकिली करणारास घराघरातूनच कागद पुरवावा लागतो.