डाव्या पायाची जागा

जुन्या अमेरिकी मोटारींची स्वयंचलित गिअरबॉक्स दुरुस्त करण्याची रीत आपल्याकडे फारशी रुजली नाही. ती काढून टाकण्याची रीत मात्र चांगली रुजली. 1973च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, हे हत्ती पोसणे जड जाऊ लागले. कोणी त्यांत डिझेल इंजिन बसवले, आणि इंजिनापाठोपाठ मागची पेटीही बदलली. क्लचची गिअरबॉक्स कोणत्याही नाक्यावरच्या मिस्त्रीला उमगते. या व्यवहाराला नावे ठेवण्यात अर्थ नाही. गाड्या चालत्या राहिल्या त्या त्यामुळेच.

आमच्या पनवेलच्या घरी 1965 सालची शेव्हरोलेट इंपाला आहे. ती काकांची. 1976 साली त्यांनी ती मुंबईहून जुनी विकत आणली, तेव्हा ‘हौसेला मोल नाही’ असे टोमणे नातेवाइकांनी मारले. टोमणा चुकीच्या जागी होता. लहानपणीच्या पोलिओने काकांचा डावा पाय लुळा पडलेला. त्या काळी देशात बनणाऱ्या मोटारी म्हणजे अँबॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड; तिन्हींना क्लच. स्वतःच्या हाताने गाडी चालवायची तर क्लच नसलेली हवी, आणि ती परदेशीच असणार. द्रुतगती महामार्ग 2002 मध्ये पूर्ण होण्याआधी पुण्याला जायचे म्हणजे खोपोलीपासून जुन्या बोरघाटाची वळणे. काका ती चढत आणि उतरत. उतारावर दांडी ‘एल’वर ओढून इंजिनाच्या दाबावर गाडी रोखत. 2009 मध्ये ते गेले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली.

तिच्यातली पेटी ‘पॉवरग्लाइड’. शेव्हरोलेटने ती 1950 मध्ये आणली; आमची त्यानंतरच्या ॲल्युमिनियमच्या बनावटीची. पुढे जाण्याच्या गती फक्त दोन. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये घट्ट सांधा नाही, तेल आहे: टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एक पंखा तेल ढवळतो आणि त्या तेलाच्या रेट्याने समोरचा पंखा फिरतो. मागे ग्रहमालेसारखी दातेरी चाके; एका ड्रमभोवती पोलादी पट्टा आवळला की पहिली गती, पट्टा सुटून क्लचच्या चकत्या दाबल्या गेल्या की दुसरी. हे आवळणे-सोडणे तेलाच्या दाबानेच होते, चालकाच्या पायाने नव्हे. (या तेलात एके काळी स्पर्म व्हेल माशाचे तेल मिसळत, सत्तरच्या दशकात अमेरिकेत त्यावर बंदी आली तेव्हा पर्याय शोधताना रसायनतज्ज्ञांची दमछाक झाली.)

दोन वर्षांपूर्वी गाडी सुरू केली तेव्हा इंजिन गुरगुरे, पण ‘डी’वर टाकूनही गाडी क्षणभर जागची हलत नसे. पट्टीवरचे तेल लालऐवजी काळपट, वास करपल्याचा. कळंबोलीत ट्रकांची कामे करण्यात आयुष्य गेलेल्या मिस्त्रींनी पाहिले आणि म्हणाले, “साहेब, क्लचवाली बसवून देतो. परत बघायला लागणार नाही.” दादालाही, म्हणजे काकांच्या मुलालाही, ते पटले. पुढेमागे विकायची झाली तर गिऱ्हाईक मिळेल, हा त्याचा मुद्दा खोटा नव्हता. नियमांचीही आडकाठी नव्हती: 2021च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळचे असावे असे म्हटले आहे, गिअरबॉक्सचा तिथे उल्लेख नाही.

मी दादाला चालकाच्या जागेखालचे रबरी पायपुसणे दाखवले. उजव्या टाचेखाली ते झिजून भोक पडले होते. डावीकडची नक्षी कोरी होती. क्लचवाली पेटी बसवायची तर त्या कोऱ्या जागेवर तिसरे पेडल लोंबवावे लागणार. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग मिस्त्रींना म्हणाला, “उघडून तर बघू.”

उघडल्यावर दिसले ते असे: क्लचच्या चकत्यांचे अस्तर उडून पोलाद उघडे, पिस्टनचे रबरी सील पापडासारखे कडक. मालमसाला अमेरिकेतून सहज मिळाला. ही पेटी तिकडे अजून शर्यतीच्या गाड्यांत वापरतात. कमी भाग आणि दणकट, म्हणून. कन्व्हर्टर कारखान्यातूनच वितळजोड करून येतो, तो कापून धुऊन पुन्हा जोडावा लागला. मिस्त्रींनी दातेरी चाके जुन्या चादरीवर ओळीने मांडून प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढला. त्यांना हे यंत्र आवडू लागले होते, हे त्यांच्या गप्प राहण्यावरून कळत होते. एकाच गोष्टीवर ते अडले. पट्ट्याचा स्क्रू ठरल्या जोराने आवळायचा आणि मग तीन पूर्ण फेरे उलटा सोडायचा. वापरातल्या पट्ट्याला चार. “आवळलेलं सोडायचं कशाला?” माहितीपुस्तिकेतले ते वाक्य मी त्यांना दोनदा वाचून दाखवले. त्यांनी फेरे मोठ्याने मोजले.

पहिली फेरी दादाने मारली. आयुष्यभर क्लच दाबलेला त्याचा डावा पाय पहिल्याच वळणावर क्लच शोधत पुढे गेला आणि रुंद ब्रेकवर आदळला. आम्ही तिघेही काचेकडे फेकले गेलो. मागून मिस्त्री म्हणाले, “डावा पाय सीटखाली घ्या, दादा. त्याला काही काम नाही.”