तेहतिसावा डाव

दादा पुण्याहून सोलापूरला कायमचा परत आला, तेव्हा त्याच्यासोबत पुस्तकांची सहा खोकी होती. आई म्हणाली, माळ्यावर टाक. बाबा म्हणाले, रद्दीवाल्याला विचारू. दादा काहीच बोलला नाही. खोकी आठ दिवस दाराशेजारी तशीच पडून होती आणि आम्ही सगळे त्यांना वळसा घालून ये-जा करत होतो.

राज्यसेवेच्या परीक्षेची सात वर्षं होती त्या खोक्यांत. तीनदा पूर्व, दोनदा मुख्य आणि एकदा थेट मुलाखत. यादी लागली तेव्हा अवघ्या काही गुणांनी नाव हुकलं. घरी कुणी आलं की आई सांगायची, "थोडक्यात गेलं हो!" ते ऐकलं की दादा उठून गच्चीवर जायचा.

मी कंटेंट रायटर आहे, घरूनच काम करते. त्या आठवड्यात माझ्याकडे 'जगातले दहा अजब क्रीडाविक्रम' असा विषय आला होता. एका विक्रमाला ऐंशी शब्द. पाच झाले आणि सहाव्यावर मी अडकले. तो होता बेसबॉलमधल्या सगळ्यात लांबलेल्या व्यावसायिक सामन्याचा. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी रात्री दोनपर्यंत मी तेच वाचत बसले.

अमेरिकेत ऱ्होड आयलंड नावाचं चिमुकलं राज्य आहे. तिथल्या पॉटकेट या गिरणगावात 'पॉटकेट रेड सॉक्स' हा संघ होता. लोक त्याला लाडाने 'पॉसॉक्स' म्हणत. हा मायनर लीगचा संघ, म्हणजे मोठ्या संघाच्या एक पायरी खालचा. बॉस्टनचा नामांकित रेड सॉक्स संघ इथून जेमतेम 65 किलोमीटरवर. पॉटकेटमध्ये खेळणारा प्रत्येक मुलगा एकाच निरोपाची वाट बघत असायचा: "चल, तुला बॉस्टनला बोलावलंय."

18 एप्रिल 1981, ईस्टरच्या आदल्या दिवशीची रात्र. मैदानाचे दिवे बिघडले म्हणून सामना उशिरा, 8 वाजून 25 मिनिटांनी सुरू झाला. समोर रॉचेस्टरचा संघ आणि बघायला 1740 माणसं. बेसबॉलमध्ये नऊ डाव असतात, पण बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत डाव वाढत जातात. नऊ डावांनंतर 1-1 अशी बरोबरी होती. एकविसाव्या डावात रॉचेस्टरने एक धाव काढली, पॉटकेटने लगेच फेडली. पुन्हा बरोबरी, 2-2.

मध्यरात्र उलटली. ठराविक वेळेनंतर नवा डाव सुरू करायचा नाही, असा एक नियम असायचा, पण पंचांकडच्या पुस्तकात नेमका तोच छापायचा राहिला होता. त्यामुळे थांबणार कसं? थंडी इतकी होती, की खेळाडूंनी मोडलेल्या बॅटी पिंपात जाळून हात शेकले. पहाटे घरी पोहोचलेल्या एका खेळाडूला बायकोने दारातच अडवलं. इतक्या वेळ सामना चालला होता, यावर तिचा विश्वासच बसेना! (इथे मी एकटीच मोठ्याने हसले.)

शेवटी लीगच्या अध्यक्षांना फोन लागला आणि पहाटे 4 वाजून 7 मिनिटांनी बत्तिसाव्या डावानंतर खेळ थांबवण्यात आला. स्टँडमध्ये तेव्हा 19 प्रेक्षक उरले होते. त्या सगळ्यांना संघाने मोफत पास दिले.

उरलेला सामना 23 जूनला झाला. तेव्हा मोठ्या लीगचे खेळाडू संपावर होते, त्यामुळे देशभरातले पत्रकार या लहानशा गावात येऊन थडकले. पाच हजारांवर लोक जमले. आणि तेहतिसावा डाव संपला अवघ्या 18 मिनिटांत! डेव्ह कोझा नावाच्या खेळाडूने चेंडू टोलवला, मार्टी बॅरेट धावत घरी पोहोचला आणि पॉटकेट 3-2 असं जिंकलं.

त्या सामन्यात पुढे महान ठरलेले दोघं होते. पॉटकेटकडून वेड बॉग्ज आणि रॉचेस्टरकडून कॅल रिपकेन. दोघंही नंतर बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेले. पण त्या सामन्यात रिपकेनचे यशस्वी फटके होते दोन, बॉग्जचे चार आणि कोझाचे पाच. विजयी फटकाही कोझाचाच.

कोझाला मात्र बॉस्टनहून बोलावणं कधीच आलं नाही. तो मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप बाजूला ठेवला. बाहेरच्या खोलीत दादा जागाच होता, हे मला त्याच्या मोबाइलच्या उजेडावरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या संघाबद्दल आणखी वाचलं. आता ते कामासाठी नव्हतं. पॉटकेटमध्ये 1793 सालची एक सूतगिरणी आजही जपून ठेवली आहे. अमेरिकेतली यंत्रावरची सूतकताई याच गावात रुजली. मग गिरण्या बंद पडत गेल्या. हे वाचताना मला आमचे आजोबा आठवले. त्यांची गिरणी बंद झाल्यावरही कित्येक वर्षं ते सकाळी भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे.

संघही बुडीत निघाला होता. 1977 मध्ये कापडधंद्यातून निवृत्त झालेल्या बेन मॉन्डॉर यांनी तो विकत घेतला. त्यांनी काय केलं? मैदान स्वच्छ ठेवलं, तिकिटं स्वस्त ठेवली. चार जणांच्या कुटुंबाला खिशाचा विचार न करता यावंसं वाटलं पाहिजे, एवढंच. मुलं दुधाचे रिकामे कॅन कापून, त्यात चेंडू ठेवून दोरीने खाली खेळाडूंकडे सोडायची. खेळाडू सही करायचे, की मुलं दोरी वर ओढायची. 2005 च्या हंगामात इथे पावणेसात लाखांहून जास्त प्रेक्षक आले. ते सगळे 'एक पायरी खालचा' खेळ बघायलाच आले होते ना!

मॉन्डॉर 2010 मध्ये गेले. 2015 मध्ये मालक बदलले, नव्या मैदानावरून बोलणी फिसकटली आणि संघ शेजारच्या राज्यातल्या वूस्टरला जाणार असं 2018 मध्ये जाहीर झालं. 2020 चा हंगाम निरोपाचा ठरला होता, तो कोविडमुळे झालाच नाही. त्या उन्हाळ्यात मैदानाच्या हिरवळीवर टेबलं मांडली गेली. कुटुंबं यायची, जेवायची आणि जायची. गावाला निरोप घेता आला तो असा. 2025 मध्ये ते जुनं मॅकॉय स्टेडियम पाडायला सुरुवात झाली. तिथे आता शाळा उभी राहणार आहे.

रात्री गच्चीवर मी दादाला हे सगळं सांगितलं. उपदेश करायचा नाही, असं मनाशी ठरवलं होतं. तो कठड्याला टेकून ऐकत होता. मधेच म्हणाला, "मग त्या कोझाला घेतलं का वर?"

"नाही रे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मुलाखतीपर्यंत पोचलेला म्हणायचा." आणि हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

पुन्हा थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आणि ते एकोणीस जण का थांबले असतील गं?"

मला उत्तर सुचलं नाही. पहाटे चारला, गारठ्यात, ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत अशा मुलांचा खेळ बघत माणसं का थांबतात? दादा रात्री अभ्यास करायचा, तेव्हा आई दोन वाजता फोन करून "झोपलास का?" विचारायची, ते मात्र मला आठवलं.

खोकी अजून रद्दीत गेलेली नाहीत. त्यातली दोन दादाने स्वतः उघडली. गल्लीतली तीन मुलं पूर्वपरीक्षेची तयारी करतायत, ती संध्याकाळी त्याच्याकडे येतात. पुढे तो काय करणार, हे त्यालाही माहीत नाही. मी विचारत नाही.

एक मात्र बदललं. परवा मावशी आली आणि विचारू लागली. आईने नेहमीचं "थोडक्यात" म्हणायला तोंड उघडलं, थांबली आणि म्हणाली, "सात वर्षं अभ्यास केला त्याने. मुलाखतीपर्यंत गेला होता."

दादा उठून गच्चीवर गेला नाही. त्याने मावशीसाठी चहा टाकला.